धोंडशिरेची कैफियत : प्रस्तावना

गड नदी सह्याद्रीच्या उतारावरून निघून कालावलच्या खाडीला मिळण्यापूर्वी जी शेवटची संथ वळणे घेते, त्यांच्या दक्षिण काठावर मसुरे गाव वसलेला आहे. आणि खाली नदीकाठी भाताचे मळे, त्यांच्या वर उतारावर माडापोफळींच्या सावलीत विखुरलेल्या वाड्या, व सर्वांच्या माथ्यावर जांभ्या कातळाचा उघडा सडा, अशी त्याची रचना असल्यामुळे येथील माणसाचे पाऊल सपाट भूमीवर पडण्यापेक्षा चढणीवर किंवा उतरणीवरच अधिक वेळा पडते. घरातून विहिरीवर जावयाचे तर पायऱ्या, विहिरीवरून मळ्यात जावयाचे तर निसरडी पाणंद, आणि मळ्यातून देवळाकडे वळावयाचे तर पुन्हा चढण, हा क्रम ज्यांच्या दिनचर्येत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे, त्यांना आपल्या घोट्यामागच्या शिरेचे स्मरण सहसा होत नाही. ती दुखू लागली म्हणजे मात्र गावाचा सारा भूगोल एकाएकी शत्रुपक्षाला जाऊन मिळतो. ती शीर, तिचे दुखणे आणि त्या दुखण्यातून बाहेर पडण्याचा मार्ग, हाच या पुस्तिकेचा मुख्य विषय आहे. विषय लहान खरा. परंतु जीव जाण्याचे भय नाही म्हणून वैद्याने, आणि कसेबसे चालता येते म्हणून रोग्याने ज्यांची उपेक्षा केली, अशा व्याधींपैकी ही एक असल्यामुळे तिच्याविषयी लोकांत ज्ञान थोडे व गैरसमज फार आहेत, आणि म्हणूनच पुढील पानांकडे वळण्यापूर्वी काही गोष्टींचा खुलासा येथे करणे इष्ट वाटते.

टाचेच्या हाडापासून वर पोटरीकडे जाणारी, बोटांच्या चिमटीत सहज धरता येणारी जी ताठ वादी हाताला लागते, ती धोंडशीर. तीतून रक्त वाहत नाही. स्नायूचे बळ हाडापर्यंत पोचविणे एवढेच तिचे काम, आणि शास्त्रीय परिभाषेत तिला कंडरा म्हणतात. पोटरीत एकावर एक असे दोन स्नायू आहेत. वरचा गुडघ्याच्या वरून मांडीच्या हाडापासून निघतो आणि आतला गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. या दोहोंची ओढ एकवटून टाचेला पोचविणारी ही कंडरा मानवी शरीरातील सर्वांत जाड आणि सर्वांत बळकट होय. तिची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असते, तिचे तंतू खाली येताना किंचित पीळ घेतात, आणि धावताना शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ओढ ती सोसते. चढणीवर तिचे काम अधिक अवघड होते, कारण तेथे टाच बोटांपेक्षा खाली राहते आणि शीर ताणलेल्या अवस्थेतच तिला सारे शरीर वर उचलावे लागते.

या दुखण्याची कैफियत मालवणी मुलुखातील माणसाच्या तोंडून ऐकावी तर ती बहुधा एकाच वाक्यात संपते : “सकाळी उठल्यार टाच भुंयक टेकूक जमणा नाय, मगे चलल्यार बरा वाटता.” वैद्यकाच्या ग्रंथांत जे लक्षण पानभर विस्ताराने वर्णिलेले असते, ते या वाक्यात जवळजवळ पूर्णपणे आले आहे, आणि त्या लक्षणातील फसवणूकही त्यातच आहे, कारण चालल्याने बरे वाटते म्हणून माणूस दिवसभर कामाला जुंपून घेतो, संध्याकाळी काही विशेष झाले नाही असे समजून निजतो, आणि त्या दिवसाच्या श्रमाची वसुली दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठताना होते. अशा रीतीने कारण आणि परिणाम यांच्यामध्ये एक रात्र पडत असल्यामुळे दोहोंची सांगड घालणे भल्याभल्यांना जमत नाही. दुखण्याची ठिकाणे मुख्यतः दोन आहेत : टाचेच्या हाडाच्या वर दोन ते सहा सेंटिमीटर अंतरावरील भाग, जेथे शिरेचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असतो व जुन्या दुखण्यात चिमटीला फुगवटा लागतो; आणि शीर हाडाला चिकटते तो खालचा भाग. हा भेद क्षुल्लक मानू नये. वरच्या ठिकाणी जो व्यायाम हितकर ठरतो, तोच खालच्या ठिकाणी काही अंशी अपायकारक होतो, हे पुढे येईल.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगभरच्या वैद्यांची समजूत अशी होती की शीर दुखते म्हणजे तिचा दाह होतो, आणि दाह म्हटला की विश्रांती, बर्फ, दाहशामक गोळ्या व शेवटी स्टेरॉईडचे इंजेक्शन, हा उपचारक्रम ओघानेच येत असे. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेले शिरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दाहाच्या पेशी तेथे फारशा आढळल्याच नाहीत. आढळली ती तंतूंची विस्कटलेली मांडणी, पाणी धरून ठेवणाऱ्या द्रव्याची वाढ, आणि एरवी जेथे रक्तवाहिन्या विरळ असतात तेथे नव्याने शिरलेल्या केशवाहिन्या व त्यांच्या सोबतीने आलेले मज्जातंतू. दाहाचा काही अंश आरंभी असतो असे मानणारे संशोधक आजही आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. तथापि महिनोन्‌महिने रेंगाळणारे दुखणे हे मुख्यतः अशक्त झालेल्या तंतूंचे दुखणे आहे, आणि जे अशक्त झाले आहे त्याला केवळ निजवून ठेवल्याने शक्ती येत नाही, एवढे आता बहुतेकांना मान्य झाले आहे.

या संदर्भात डेन्मार्कमधील एका संशोधनाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९५५ ते १९६३ या वर्षांत महासत्तांनी वातावरणात अणुबाँबच्या ज्या चाचण्या केल्या, त्यांच्यामुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकदम वाढले आणि चाचण्या थांबल्यावर ते वर्षावर्षाला उतरत गेले; हवेतून तो कार्बन पिकांत, पिकांतून अन्नात व अन्नातून मनुष्याच्या शरीरात आला, आणि शरीराचा जो भाग ज्या वर्षी घडला त्या भागात त्या वर्षीचे प्रमाण मुद्रांकासारखे कोरले गेले. कात्या हाइनेमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली या मुद्रांकाचे वाचन करून असे दाखवून दिले की टाचेच्या शिरेचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांत घडतो आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण जवळजवळ होतच नाही. याच देहातील स्नायूंचे घटक मात्र सतत बदलत असल्याचे त्याच परीक्षेत दिसून आले. साठीच्या माणसाने मसुऱ्याच्या भरतगड किल्ल्याच्या चढणीवर जी शीर वापरावयाची, ती त्याने शाळा सोडण्याच्या वयात तयार केलेली असते, हा विचार काहीसा अस्वस्थ करणारा आहे खरा. परंतु त्यातून निराशेचा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. बिघडलेला गाभा पूर्ववत होत नसला, तरी त्याच्या सभोवतीचे निरोगी तंतू भार उचलण्यास समर्थ करता येतात, पोटरीचे बळ वाढविता येते, आणि वेदनेचा जोर ओसरतो, असे आज मानले जाते. सोनोग्राफीत शीर सुजलेली व विस्कटलेली दिसत असूनही ज्यांना काडीचे दुखणे नाही, अशी माणसे कितीतरी असतात.

मग शीर बिघडते कशाने? श्रमाने, असे उत्तर सर्वत्र मिळते, आणि ते अर्धेच खरे आहे. मसुऱ्यासारख्या गावाचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. वैशाखाच्या उन्हात मळे तडकलेले असतात, कामे आंब्याफणसांपुरती उरलेली असतात, आणि माणूस दुपारभर पडवीत आडवा असतो. जूनच्या ७ तारखेच्या आसपास मृग लागतो, आणि तेथून पुढचे पाच-सहा आठवडे असे येतात की जोत धरणाऱ्याला, किंवा हल्ली पॉवर टिलरमागे चालणाऱ्याला, कुणग्यामागून कुणगा चिखलणी करीत घोटाभर चिखलातून पाय उपसावा लागतो. बायका तरवा काढतात, मग कमरेत वाकून मागे मागे सरत लावणी लावतात, आणि प्रत्येक पावलाला चिखलाने धरून ठेवलेली टाच सोडवून घेतात. लावणी आटोपली की पुन्हा मंदगती. आश्विनात कापणी, कार्तिकापासून जत्रांचा हंगाम, आणि त्याबरोबर दशावतारी नाटकांचा. त्यांत रात्रभर अनवाणी पायांनी मातीच्या भुईवर युद्धनृत्ये नाचणारा, गिरक्या घेणारा, झांज-पखवाजाच्या ठेक्यावर पाय आपटणारा नट अनेकदा तोच शेतकरी असतो, ज्याची पोटरी मधल्या महिन्यांत स्वस्थ होती. वर्षाच्या एकंदर श्रमांची बेरीज केली तर ती शिरेच्या शक्तीबाहेरची ठरत नाही. बाहेरची ठरते ती त्या श्रमांची अकस्मात येण्याची रीत. सावकाराचा वसूलही असाच असतो : वर्षभर थोडे थोडे भरणाऱ्या कुळाला जो जड जात नाही, तोच एका मुदतीत एकरकमी मागितला की कुळ बुडते. शिरेच्या पेशी ओझ्याप्रमाणे स्वतःला घडवितात, परंतु त्यांची गती स्नायूंच्या गतीहून पुष्कळ मंद असल्यामुळे पंधरवड्यात स्नायू कामाला सरावतो आणि शीर मागे राहते. दुखणे उद्भवते ते या दोहोंमधील अंतरात.

चाकरमान्याची अवस्था याहून बिकट. आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच एक वाडी, आणि तेथील भराडीदेवीच्या जत्रेला लाखो भाविक लोटतात, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. या जत्रेची तिथी पंचांगात छापलेली नसते, ती देवीच्या कौलाने ठरते, आणि ठरली रे ठरली की मुंबईत रेल्वेच्या आरक्षणासाठी धावपळ सुरू होते. धावपळ होते ती तिकिटांसाठी. पायांची तजवीज कोणी करीत नाही. वर्षभर खुर्चीत आणि लोकलच्या डब्यात पाय अवघडवून बसलेला पन्नाशीचा गृहस्थ दीड दिवसात गावची सगळी देवळे, नातेवाइकांच्या साऱ्या वाड्या आणि जमलेच तर मुलांना दाखविण्यासाठी गडही चढून उतरतो, तोही पुष्कळ अंशी अनवाणी. दर्शनाच्या रांगेत उभे राहण्याचा दोष लोक देतात, पण तो अन्यायाचा आहे. स्थिर उभे राहणे शिरेला फारसे जड नसते. जड जाते ती डोक्याखांद्यावर सामान घेऊन घातलेली पायपीट, आणि टाच उंच असलेल्या शहरी पादत्राणाची सवय लागलेली शीर एकाएकी सपाट भुईवर आणणे. मुंबईत २००४ पासून भरणाऱ्या मॅरेथॉनमध्ये चाळिशीनंतर प्रथमच उतरणाऱ्यांची तक्रारही जातीने हीच आहे, केवळ तिचे कपडे निराळे.

आपल्या प्राचीनांना या व्याधीची ओळख नव्हती असे मात्र कोणी समजू नये. सुश्रुताने शरीरात सोळा कंडरा गणल्या असून त्यांपैकी चार पायांत सांगितल्या आहेत. आणि वातकंटक नावाच्या विकाराचे वर्णन करताना पाऊल विषम पडल्याने, व वाग्भटाच्या मते श्रमानेही, वायू घोट्याचा आश्रय करून पीडा देतो, असे निदान केलेले आहे. विषम पाऊल आणि श्रम ही दोन कारणे इतक्या नेमकेपणाने निवडणाऱ्या निरीक्षणशक्तीपुढे मान लवविल्यावाचून गत्यंतर नाही. उपचारांविषयी मात्र तितकी निःशंक शिफारस करता येत नाही. रक्तमोक्षण आणि तापल्या शलाकेने डाग देणे हे जे उपाय परंपरेने सांगितले जातात, त्यांपैकी डागाची प्रथा कोकणात अद्यापि पूर्ण लुप्त झालेली नाही. मधुमेह्याच्या टाचेवर दिलेला असा डाग महिनोन्‌महिने न भरणाऱ्या व्रणाचे मूळ होऊ शकतो, म्हणून त्याचा निषेध स्पष्ट शब्दांत करणे आमचे कर्तव्य आहे. आंबेहळद व रक्तबोळ यांचा लेप, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, कोमट खोबरेल, यांच्याविरुद्ध आमची फिर्याद नाही. त्यांनी बरे वाटते, आणि बरे वाटणे ही काही तुच्छ गोष्ट नव्हे. फक्त लेपाने शीर बळकट होत नाही, हे ध्यानात असावे, आणि दुखऱ्या फुगवट्यावर अंगठा रोवून जोराने चोळणाऱ्या हातांना नम्रपणे नकार द्यावा.

शीर बळकट कशी करावी, याचे उत्तर ज्या मार्गाने मिळाले तो मार्ग वैद्यकाच्या इतिहासात चमत्कारिक म्हणून नोंदण्याजोगा आहे. स्वीडनच्या उत्तर भागातील उमिओ येथील अस्थिशल्यचिकित्सक होकान आल्फ्रेडसन यांना धावण्याचा नाद होता आणि त्यांची स्वतःचीच टाचेची शीर दुखत होती. शस्त्रक्रिया करावी म्हणून त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे मागणी केली; वरिष्ठांनी ती फेटाळली. तेव्हा या गृहस्थांनी असा विचार केला की शीर तुटली तर शस्त्रक्रिया करणे भागच पडेल, आणि ती तुटावी या हेतूने त्यांनी दुखऱ्या पायावर सारा भार टाकून टाच पुनःपुन्हा खाली सोडण्याचा, वेदना वाढली तरी न थांबता वजन वाढवीत जाण्याचा क्रम आरंभिला. शीर तुटली नाही. काही आठवड्यांनी दुखणेच नाहीसे झाले! १९९८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दीर्घकाळ पीडलेल्या १५ हौशी धावपटूंना हाच व्यायाम १२ आठवडे देण्यात आला आणि ते सर्व पुन्हा धावू लागले. तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच लोकांवर रूढ उपचार झाले, आणि त्या सर्वांना अखेरीस शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. कॅनडामध्ये स्टॅनिश व कर्विन यांनी याच दिशेने पूर्वी पावले टाकली होती, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे. आणि खेळाडू नसलेल्या सामान्य लोकांत पुढे हे यश इतके निर्भेळ राहिले नाही, हेही सांगितले पाहिजे.

हा व्यायाम करण्यासाठी यंत्र लागत नाही, पडवीची एक पायरी पुरते. दोन्ही पायांच्या चवड्यांवर पायरीच्या कडेला उभे राहावे, चांगल्या पायाच्या बळावर वर उठावे, आणि खाली येताना सर्व भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच अगदी सावकाश पायरीच्या पातळीखाली जाऊ द्यावी. असे पंधरा वेळा, तीन फेऱ्यांत, गुडघा ताठ ठेवून. आणि तितकेच गुडघा किंचित वाकवून, कारण पोटरीच्या ज्या दोन स्नायूंचा उल्लेख वर आला आहे, त्यांपैकी आतला गुडघा वाकल्यावर अधिक कामाला लागतो. दिवसातून दोन वेळा केले म्हणजे संख्या १८० वर जाते. सहज जमू लागले की पाठीवरच्या पिशवीत तांदूळ वा वाळू घालून वजन वाढवीत न्यावे. आमची एक सूचना केवळ या मुलुखासाठी आहे : पावसाळ्यात अंगणाकडच्या जांभ्या पायरीवर शेवाळ धरते, तिच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून शीर सुधारण्याऐवजी मनगट मोडून घेण्यात शहाणपणा नाही, छपराखालची कोरडी पायरी व हाताशी खांब असल्यावाचून हा व्यायाम करू नये. आणि ज्यांचे दुखणे अगदी खाली, हाडाच्या जोडाशी आहे, त्यांनी टाच पायरीखाली मुळीच सोडू नये. सपाट भुईवरच टाच उचलावी व ठेवावी, आणि उकिडवे बसून करावयाची कामे काही महिने पाटावर किंवा स्टुलावर बसून करावीत, कारण खोल वाकलेल्या घोट्यात शीर हाडावर दाबली जाते.

दुखत असताना व्यायाम करावा काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. स्वीडनमध्येच कारिन सिल्बरनागेल यांनी २००७ साली यासंबंधी जे अनुभव प्रसिद्ध केले, त्यांचे सार असे की शून्य ते दहा या मापावर वेदना पाचापर्यंत गेली तरी चालेल, परंतु ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. सकाळचे पहिले पाऊल हेच येथे दप्तर. त्यात रोज कशी नोंद पडते ते पाहावे आणि त्यावरून त्या दिवसाच्या कामाचा बंदोबस्त करावा. व्यायामाच्या पद्धतीतही पुढे सुधारणा झाल्या. रोज दोनदा करावयाच्या १८० आवर्तनांऐवजी आठवड्यातून तीनच दिवस, पण जड वजन घेऊन व अत्यंत संथ गतीने केलेला व्यायाम तितकाच गुणकारी ठरतो व लोकांना अधिक रुचतो, असे डेन्मार्कमधील २०१५ च्या प्रयोगात दिसून आले. दोन व्यायामांच्या मध्ये एक दिवस सोडण्याला कारणही आहे : जड श्रमानंतर पहिला दिवस-दीड दिवस शिरेतील कोलॅजेन घडण्यापेक्षा मोडण्याची क्रिया पुढे असते, आणि घडण्याची क्रिया त्यानंतर वरचढ होते. ज्या बाईला पहाटेपासून रात्रीपर्यंत घर, गोठा व मळा यांच्या फेऱ्या आहेत, तिला रोज १८० वेळा टाच उचलण्याचा उपदेश करणे हे घरी बसलेल्या माणसाचे शास्त्र होय. तिला तीन दिवसांची पद्धत सांगावी, असे आमचे मत आहे.

पादत्राणांविषयी एक गोष्ट आश्चर्याची आहे. टाचेखाली १२ मिलिमीटर उंचीची गादी ठेवण्याचा साधा उपाय आणि टाच सोडण्याचा व्यायाम यांची तुलना ऑस्ट्रेलियात करण्यात आली, तिचे फलित २०२१ साली प्रसिद्ध झाले, आणि १२ आठवड्यांच्या अखेरीस गादीचे पारडे जड ठरले. गादीने शिरेवरचा ताण उतरतो, म्हणून सुरुवातीच्या काळात तिचा उपयोग अवश्य करावा. पण घरात, अंगणात व देवळात अनवाणी वावरणाऱ्या, आणि बाहेर रबरी स्लिपर पायांत अडकविणाऱ्या माणसाने ती गादी ठेवावी कुठे? मागे पट्टा असलेली सँडल घरातही वापरण्याची मुभा दुखणाऱ्या माणसाला घरच्या वडीलधाऱ्यांनी दिली पाहिजे.

महागड्या उपायांचा समाचार थोडक्यात घेऊ. स्टेरॉईडचे इंजेक्शन या शिरेत देऊ नये. काही आठवडे दुखणे थांबते, आणि शीर तुटण्याची भीती मागे उरते. रुग्णाच्याच रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढून शिरेत टोचण्याची पद्धत शहरांत बरीच चालते व तिची किंमतही शहरी असते. परंतु नेदरलंड्समध्ये २०१० साली मिठाच्या पाण्याशी, आणि ब्रिटनमध्ये २०२१ साली लटक्या इंजेक्शनाशी तिची तुलना झाली असता, दोन्ही वेळा ती वरचढ ठरली नाही. आघातलहरींच्या उपचाराने काहींना व्यायामाच्या जोडीने गुण येतो. शस्त्रक्रिया हा शेवटचा मार्ग, आणि सहा महिने मनापासून व्यायाम केल्यावाचून त्याचा विचार करू नये.

याउलट काही प्रसंगी क्षणाचाही विलंब नको. मागून कोणी लाथ मारली की काय असे वाटून माणूस वळून पाहतो, मागे कोणी नसते, कधी चटकन आवाज झालेला असतो, आणि पायात जोर राहत नाही : ही शीर तुटल्याची खूण आहे. चीनचा अडथळा-शर्यतपटू लिऊ शियांग २००८ साली बीजिंगमध्ये दुखऱ्या शिरेमुळे न धावताच मैदानाबाहेर गेला, आणि २०१२ साली लंडनमध्ये पहिल्याच अडथळ्यावर कोसळला तेव्हा त्याची शीर तुटली होती. लंगडत का होईना चालता येते, घोटा खाली दाबता येतो, म्हणून तुटली नसावी असे समजणे घातक, कारण ते काम इतर शिरा काही अंशी करू शकतात. रुग्णाला पालथे निजवून, पाऊल खाटेच्या काठाबाहेर लोंबते ठेवून पोटरी दाबावी. पाऊल हलले नाही तर त्याच दिवशी मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून समाधान मानू नये. त्यात हाडे दिसतात, शीर दिसत नाही.

औषधांतही एक सावधगिरी आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची प्रतिजैविके जुलाब, लघवीचा जंतुसंसर्ग इत्यादींसाठी सर्रास दिली जातात, आणि त्यांनी शीर दुखू वा तुटू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्यांच्या वेष्टनावर कडक इशारा छापण्याचा हुकूम केला. साठी उलटलेल्यांना व दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉईड घेणाऱ्यांना हा धोका विशेष. औषध चालू असता टाच दुखू लागली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. मधुमेह, रक्तातील वाढलेले युरिक आम्ल, अनुवंशाने वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा पहिला दाखला कधी कधी टाचेवरच मिळतो. आणि तरुण मुलाची टाच व कंबर दोन्ही सकाळी ताठत असतील तर तो केवळ शिरेचा प्रश्न नव्हे, त्याची रक्ततपासणी व्हावी.

घोट्यापाशी धोंडशिरेखेरीज इतर कंडराही दुखतात. घोट्याच्या आतल्या बाजूने पावलाच्या कमानीला सावरणारी कंडरा चाळिशीनंतरच्या, विशेषतः स्थूल व मधुमेही स्त्रियांत ढिली पडते व पाऊल सपाट होते. एका पायावर उभे राहून टाच उचलता न येणे ही तिची खूण. बाहेरच्या घोट्यामागील कंडरा वारंवार पाय मुरगळणाऱ्यांत, आणि तळवे आत वळवून माडाला आवळून चढणाऱ्यांत त्रास देतात. त्यांचे विवेचन पुढे स्वतंत्र प्रकरणांत आले आहे.

मुदतीविषयी आशा माफक ठेवावी. १२ आठवडे ही सुरुवात समजावी. पुरा गुण येण्यास सहा महिने ते वर्ष लागते, आणि काहींना थोडे दुखणे पुढेही राहते. परंतु हीच १२ आठवड्यांची मुदत आगाऊ वापरता येते. मृगापासून मागे मोजत गेले की मार्चचा मध्य येतो, म्हणजे बहुतेक वर्षी शिमग्याचे दिवस. त्या सुमारास मळ्यात काम नसते, पायऱ्या कोरड्या असतात, आणि ज्याने तेव्हा टाच उचलण्यास आरंभ केला, त्याची शीर जोत धरण्याच्या वेळी चिखलाला तयार असते. जत्रेला येणाऱ्या चाकरमान्याने तिथी जाहीर झाल्या दिवशीच मुंबईतील आपल्या इमारतीच्या जिन्यावर प्रारंभ करावा, लिफ्ट बंद पडण्याची वाट पाहू नये. दशावतारी नटाने कार्तिकापासून उलटे मोजावे. त्याचा आरंभ श्रावणात, लावणी आटोपल्यावर येतो. जो पावसाळ्यात मळ्यात आणि हिवाळ्यात रंगभूमीवर, अशा दोन्ही ठिकाणी असतो, त्याने वर्षात दोनदा नव्याने सुरुवात करण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस, पिशवीत पाच-सात किलो तांदूळ घालून, बारा महिने हा क्रम चालू ठेवणे अधिक सोईचे.